माप घेण्याचा रकाना

एका साच्याला मिलिंग मशीनवर बेचाळीस तास लागत. जयपूरच्या कारखान्यात हजर झालो त्या दिवशी वर्क्स मॅनेजरांनी मला हा आकडा सांगितला. तो तीसच्या खाली आणायचा, एवढंच तुमचं काम, असं ते म्हणाले. मी मिरजेकडचा, डिप्लोमा झालेला, एकतीस वर्षांचा. बरोबर बायको आणि चार वर्षांची मुलगी. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता.

आमच्या खात्यात साचे आणि नव्या वस्तूंचे पहिले नमुने बनत. विजेच्या मीटरची झाकणं, स्विचच्या पेट्या, असल्या बेकेलाईटच्या वस्तूंचे साचे. पोलादाचा ठोकळा घ्यायचा, त्याला आम्ही ब्लॉक म्हणायचो, आणि त्यात वस्तूच्या आकाराची पोकळी कोरायची. आधी जाड कटरनं भराभर माल काढायचा, ते रफिंग. मग बारीक कटरनं, दर थोड्या वेळानं माप घेत, शतांश मिलिमीटरपर्यंत नेमकं आणायचं, ते फिनिशिंग. हे करू शकणारं मोठं मशीन एकच होतं आणि त्या मशीनवर माणूसही एकच होता.

ते फौजेच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून पेन्शनवर आलेले, साताऱ्याकडचे, पंचावन्न वर्षं पुरी झालेले. कारखान्यात सगळे त्यांना हवालदारजी म्हणत. खातीपुऱ्यात आम्हाला घर त्यांनीच पाहून दिलं, त्यांच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे घरी मी त्यांना काका म्हणायचो. पहिल्याच रविवारी त्यांनी मला एक नियम घालून दिला. कारखान्याच्या फाटकाच्या आत मी साहेब आणि ते मला तुम्ही म्हणणार; खातीपुऱ्यात मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तेव्हा तू. हा नियम त्यांनी काटेकोर पाळला. फाटकाबाहेर सायकलींच्या ओळीपाशी आलो की "चला साहेब"चं "चल की आता" व्हायचं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंना गावी परत जायचं होतं, आणि पेन्शन घेऊनही इथं या वाळूत का राहायचं, हे त्या आम्हाला दर भेटीत विचारत, जणू उत्तर आमच्याकडे होतं. काकांचं उत्तर ठरलेलं असे. गावाकडं सगळं आहे, मशीन नाही. फौजेतली शेवटची तीन वर्षं त्यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तीन वर्षं नट मोजले, एवढंच म्हणत. या कारखान्यानं पुन्हा मशीन हातात दिलं म्हणून ते जयपूरला राहिले. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती, म्हणजे अडीच वर्षं उरली होती.

"आता मशीनवरनंच घरी जायचं," ते एकदा माझ्या बायकोला म्हणाले होते. "मधी कुठं थांबायचं न्हाई."

मी कामाला लागलो. हातात स्टॉपवॉच, लाकडी फळीवर छापील तक्ता, आणि मी मशीनपासून सहा फुटांवर उभा. शेजारच्या लेथवर एक जयपूरचा खराडी होता. तो मला पाहिलं की मोठ्यानं म्हणायचा, "घड़ी वाले बाबूजी आ गए, अब साँस भी गिनकर लो।" हवालदारजी हसायचे आणि हात चालूच ठेवायचे. चहाचे सेकंद कुठल्या रकान्यात टाकता, असं त्यांनी एकदा गंभीर चेहऱ्यानं विचारलं. मी तितक्याच गंभीरपणे 'इतर' म्हणून सांगितलं.

तीन आठवडे मोजल्यावर बेचाळीस तासांची फोड हाती आली. प्रत्यक्ष कटिंग तेवीस तास. ब्लॉक चढवणं, बांधणं, सरळ करणं, म्हणजे सेटिंग, सहा तास. कटर आणणं आणि धार लावणं पाच. माप घेणं चार. इतर चार. मापाचा हिशेब मला विशेष आवडला होता, कारण तो सरळ होता. एका साच्याला सुमारे चारशे ऐंशी मापं, दर मापाला सरासरी तीस सेकंद, बरोबर चार तास. ते वेगात माप घेत. मायक्रोमीटर लावायचा, एकदा पाहायचा, आकडा तोंडानं मराठीत म्हणायचा, की हात परत हँडलवर.

पहिले अकरा तास सहज मिळाले. कटर मशीनशेजारी लाकडी घोडीवर क्रमानं ठेवले, धार लावलेला जोड कायम तयार ठेवला. रफिंगच्या आधी ड्रिलनं भोकं पाडून मधला माल काढला आणि मग मोठा कटर लावला. बांधायच्या पट्ट्या ठरावीक मापाच्या करून घेतल्या. बेचाळीसचे एकतीस झाले. यातल्या दोन सूचना हवालदारजींच्याच होत्या, आणि त्या त्यांच्या आहेत असं मी अहवालात लिहिलं.

पुढचे तास अवघड होते. मला एक गोष्ट खटकत होती. ते सकाळी आठ ते साडेअकरा फिनिशिंग करत. मग तो ब्लॉक उतरवून दुसरा, कच्चा ब्लॉक चढवत आणि साडेचारपर्यंत त्याचं रफिंग करत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिला ब्लॉक वर. रोज दोनदा चढउतार. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "सवय आहे साहेब." सवय हा शब्द माझ्या तक्त्यात बसणारा नव्हता.

मशीनचं टेबल लांब होतं. मी दोन्ही ब्लॉक शेजारी शेजारी एकदाच बांधायला लावले, म्हणजे चढउतार संपली. शिवाय विजेचा दाब सकाळी पुरा असे, दुपारी वसाहतीतले सगळे कारखाने चालू झाले की उतरे, आणि मोठा कटर तेव्हा दमून चाले. म्हणून मी क्रम उलटा केला. सकाळी जड काम, म्हणजे रफिंग; दुपारी हलकं काम, म्हणजे फिनिशिंग. कागदावर सेटिंगचे आणखी दोन तास वाचत होते. एकतीसचे एकोणतीस होणार होते. मॅनेजर खूश झाले. हवालदारजींनी तक्ता हातात घेतला, जरा लांब धरला, मग परत दिला आणि ठीक आहे म्हणाले. एवढंच. दसऱ्याच्या पुढेमागे हा क्रम सुरू झाला.

खात्याच्या दारापाशी एक काळा फलक होता. त्यावर दर महिन्याचा सरासरी आकडा मी खडूनं लिहायचो. पहिल्या महिन्यात साडेएकोणतीस आला. ठरल्यापेक्षा अर्धा तास जास्त. नवीन क्रम आहे, हात बसेल, असं मी धरलं. दुसऱ्या महिन्यात तीस आला. मग साडेतीस. जानेवारीत एकतीस. सेटिंगमध्ये वाचवलेले दोन तास पुरते गेले होते.

ते कुठे गेले हे शोधायला मला वेळ लागला नाही. कटिंग तेवढंच, सेटिंग दोनवर स्थिर. वाढत होता तो एकच रकाना, माप घेण्याचा. तीस सेकंदांचे चौतीस झाले होते, मग अडतीस, मग बेचाळीस, मग पंचेचाळीस. मी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले आणि पट्टी लावली. रेष जवळजवळ सरळ वर जात होती. चारशे ऐंशी गुणिले पंचेचाळीस म्हणजे सहा तास. हिशेब जुळला याचं मला समाधान वाटलं, हे मी आज लपवून ठेवत नाही.

सहा फुटांवर उभं राहून मी काय पाहत होतो? ते मायक्रोमीटर लावत, काढत, खिडकीकडे वळत, पुन्हा लावत. मी घड्याळाचा काटा पाहत होतो. वळणं सात सेकंद, पुन्हा लावणं सहा सेकंद, असं मी लिहीत होतो. त्यांच्या हातून एकही ब्लॉक बिघडला नाही. एकही नाही. तपासणीतून येणारे कागदही माझ्याकडेच येत, म्हणून हे खात्रीनं सांगतो.

रविवारी ते आमच्याकडे येत. मिरजेहून माझा भाऊ टपालानं मराठी वर्तमानपत्रं पाठवायचा, आठवड्याचा गठ्ठा, शिळा. काका तो गठ्ठा सोडायचे, घड्या सरळ करायचे आणि माझ्या बायकोला म्हणायचे, "सूनबाई, तूच वाच. तुझा आवाज चांगला आहे." ती पीठ मळता मळता मथळे वाचायची आणि ते मटार सोलत ऐकायचे. आम्हाला वाटे, त्यांना घरातला बायकामाणसाचा आवाज ऐकायला आवडतो.

जानेवारीची बैठक सोमवारी होती. आदल्या दिवशी ते आले, तेव्हा वर्तमानपत्र त्यांनी सोडलंच नाही. अंगणात उन्हात खाट टाकली होती, त्यावर बसले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, उद्याच्या कागदात माझ्या मशीनचं सगळं येणार का? मी हो म्हणालो.

"त्या माप घ्यायच्या वेळाचा रकाना वेगळाच दाखवायला लागतोय का?" ते म्हणाले. "इतरमधी घालता येत न्हाई?"

मला त्यांचा रोख कळला नाही असं नाही. वेळ वाढलाय हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि बोलणी बसतील म्हणून ते म्हणताहेत, असं मला वाटलं. वयोमान, थोडा संथपणा. मी त्यांना समजावून सांगितलं की एका रकान्यातला आकडा दुसऱ्यात टाकला तर मोजण्यालाच अर्थ उरत नाही. पुढे दहा वर्षांनी कुणी हे कागद पाहिले तर त्याला खरं कळलं पाहिजे.

"आकडा आहे तो आहे, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "व्हय. ते बी बरोबर हाय." मग मुलीनं त्यांना अर्धवट सोललेल्या मटारांची परडी आणून दिली आणि त्यांनी त्या सगळ्या शेंगा संपवल्या.

सोमवारी बैठकीत मॅनेजरांनी फलकाचा आकडा विचारला. मी आलेख पुढे ठेवला. ते स्वतः तरुणपणी मशीनवर काम केलेले होते. त्यांनी रेष पाहिली, वरचं शीर्षक वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इसमें सोचने का क्या है? नज़र गई है इसकी।"

पाच महिने मी सहा फुटांवर उभा होतो. त्यांना पाच सेकंद लागले नसतील.

मी सांगितलं की एकही ब्लॉक बिघडलेला नाही. ते म्हणाले, अजून नाही. एक बिघडला तर तीन आठवडे आणि एक चांगलं पोलाद जाईल, आणि उद्या फिरत्या कटरजवळ बोट गेलं तर? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. डोळ्यांची तपासणी ठरली. डॉक्टरांनी लिहून दिलं की दोष डोळ्याच्या पडद्यात आहे, चष्म्यानं किंवा शस्त्रक्रियेनं सुधारणार नाही, बारीक मापाच्या कामाला अयोग्य. आठवड्याभरात हवालदारजी स्टोअरमध्ये गेले. पगार तोच, दर्जा तोच. मॅनेजरांनी स्वतः उठून त्यांना ते सांगितलं. हवालदारजींनी टाच जुळवून "जी साब" म्हटलं. मशीनवरची स्वतःची फडकी, तेलाची बुधली आणि पितळी हातोडी घेऊन ते गेले. दुसऱ्या दिवशी मी जवळून जाताना लेथवरच्या खराड्यानं मशीन बंद केलं आणि मी पुढे जाईपर्यंत हात बांधून उभा राहिला.

त्या रविवारी काका आले नाहीत. बायकोनं गठ्ठा न सोडता कपाटावर ठेवला. काय झालं ते मी तिला सांगितलं, खाटेवरचं बोलणंही सांगितलं.

"मग घालायचं होतं इतरमध्ये," ती म्हणाली.

"खोटं झालं असतं."

"दोन तासांचं," ती म्हणाली आणि आत गेली.

मशीनवर नवीन माणूस आला, पंचविशीचा, अजमेरकडचा, आयटीआय झालेला. चांगला हात होता. तिसऱ्या दिवशी दुपारी फिनिशिंग करता करता तो वळला आणि मला सहज म्हणाला, "साब, यहाँ एक बत्ती लगवा दो। दोपहर बाद कुछ दिखता नहीं।" मी वर पाहिलं. खिडक्या पूर्वेच्या. पश्चिमेला पत्र्याची भिंत. वर उंचावर दोन ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी. मी चिठ्ठी लिहिली: मिलिंग मशीनसाठी वाकत्या दांड्याचा दिवा, नग एक. चिठ्ठी घेऊन मी स्वतःच स्टोअरच्या खिडकीवर गेलो, कारण शिपाई जागेवर नव्हता.

हवालदारजी खिडकीमागे होते. त्यांनी चिठ्ठी घेतली, बाहेरच्या उजेडात धरली, डोळ्यांजवळ आणली, मग जरा बाजूला नेऊन तिरकी पाहिली. त्यांना ती वाचायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. आत जाऊन त्यांनी दिवा आणला, फडक्यानं पुसला, दांडा दोनदा वाकवून पाहिला.

"बल्ब साठचा देऊ का शंभरचा, साहेब?"

मी म्हणालो, शंभरचा. त्यांनी नोंदवही पुढे सरकवली आणि सही कुठे करायची तिथं बोट ठेवलं. बोट ओळीच्या जरा वर पडलं होतं.

तासाभरात दिवा बसला. बटण दाबल्यावर उजेड थेट टेबल सरकवायच्या हँडलवर आणि त्याच्या डायलवर पडला. डायल म्हणजे हँडलभोवतीचं कडं, त्यावर बारीक रेघा असतात आणि एक रेघ म्हणजे ठरावीक सरक. त्या उजेडात मला दिसलं की दर दहाव्या रेघेपाशी कानशीनं एक बारीक खाच पाडलेली आहे. खाचा नखानं चाचपून चाचपून गुळगुळीत झाल्या होत्या. मी अंगठ्याचं नख लावून डायल फिरवलं. डोळे मिटूनही दहा, वीस, तीस मोजता येत होतं.

संध्याकाळी घरी न जाता ऑफिसात बसलो आणि पाच महिन्यांचे सगळे तक्ते काढले. मी दर तक्त्याच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहीत असे. आजवर मी मापं तारखेनं जमवली होती. आता वेळेनं जमवली. सकाळी अकराच्या आधीची सगळी मापं एकीकडे आणि दुपारी दोननंतरची दुसरीकडे. सकाळची सरासरी तीस निघाली. ऑगस्टमध्ये तीस, जानेवारीतही तीस. दुपारची जानेवारीतली सरासरी पन्नास होती. नव्या क्रमात दर चार मापांपैकी एक सकाळी पडत होतं आणि तीन दुपारनंतर. एक तीस आणि तीन पन्नास, सरासरी पंचेचाळीस. हिशेब पुन्हा जुळला.

म्हणजे सवय सवय म्हणून ते जे करत होते ती त्यांच्या दिवसाची वाटणी होती. उजेड असेपर्यंत बारीक काम, उजेड गेल्यावर जाड काम, आणि त्यासाठी रोज दुपारी दीड मण लोखंड उतरवायचं आणि तेवढंच चढवायचं. माझ्या क्रमानं बारीक काम अंधारात गेलं. मग दिवाळीनंतर दिवस लहान होत गेला, जानेवारीत वर धुक्याची भर पडली, आणि माझी रेष वर चढत गेली. तक्त्यावर हे सगळं पहिल्यापासून होतं. वेळ लिहिणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं मांडून मॅनेजरांकडे गेलो. दिवा लावून आणि फिनिशिंग सकाळी ठेवून हवालदारजींना पुन्हा मशीन द्यावं, काही झालं तर जबाबदारी माझी, असं म्हणालो. त्यांनी दोन्ही कागद नीट पाहिले. मग फायलीतला डॉक्टरांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तो आता होता. तो नसता तर त्यांनी ऐकलं असतं, असं ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटतं.

रविवारी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. दारातच दिसलं की लोखंडी पेट्या बाहेर काढल्या आहेत आणि काकू भांडी कागदात गुंडाळत आहेत. मुलगी सरळ आत गेली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही संडेला का नाही आले? मतलब, मी वाट बघत होती ना."

"तू मोठी झालीस, तू यायचं आता," काका तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "या साहेब. बसा."

फाटकाबाहेर ते मला पहिल्यांदाच साहेब म्हणाले. काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

मी बसलो. चहा आला. राजीनामा दिलाय, होळीच्या आधी निघतो, असं ते म्हणाले. काकूंचं म्हणणं खरं होतं, इथं आता काय आहे. मी तक्ते बरोबर नेले होते, ते कशासाठी नेले कोण जाणे. त्यांना वाचता येणार नव्हते. तोंडानं सांगितलं. सकाळची सगळी मापं तीस सेकंदांतली होती काका, जानेवारीतही.

"मला म्हाईत होतं की," ते म्हणाले.

"मग क्रम बदलला तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलणार? कारण विचारलं असतं तुम्ही."

मी विचारलं असतं. ते बरोबर होतं.

"नुसता दिवा मागायचा," मी म्हणालो. "त्या नव्या मुलानं तिसऱ्या दिवशी मागितला."

त्यांनी कप खाली ठेवला. पेटीच्या कडीवरून अंगठा फिरवत बसले. मुलगी काकूंना कागद फाडून देत होती.

"एकदा मागितला होता," ते म्हणाले. "फौजेत. दिवा आला न्हाई, डॉक्टर आला."

स्टोअरमधल्या तीन वर्षांचं कारण मला तेव्हा कळलं. चूक झाली असं मी म्हणालो. नीट मोजलं नाही, असं म्हणालो. ते म्हणाले, मोजलं तुम्ही नीटच साहेब, तुमचा आकडा बरोबर होता. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

होळीच्या चार दिवस आधी ते गेले. सवाई माधोपूरला गाडी बदलून पुढे जायचं होतं. मी आणि बायको स्टेशनवर गेलो. काकूंनी बायकोला लाल मिरचीच्या चटणीची बरणी दिली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. काका फलाटावर सामान मोजत होते, प्रत्येक डागावर हात ठेवून. सात डाग होते. गाडी आल्यावर मी पेट्या चढवू लागलो तर ते म्हणाले, राहू द्या साहेब, हमाल आहे.

फेब्रुवारीचा आकडा एकोणतीस आला होता. माप घेणं तीस सेकंद. महिन्याच्या अहवालात सुधारणेचं कारण लिहायचा रकाना असतो. मी लिहिलं, मशीनवर दिवा लावला. मॅनेजर म्हणाले, "देखा, इतनी सी बात थी।" फलकावर एकोणतीस लिहून मी खाली तारीख टाकली. ते मला दिलेलं काम होतं आणि ते पुरं झालं होतं. खराडी पुन्हा माझ्याशी बोलू लागला होता, पण घड्याळवाले बाबूजी म्हणून कधी ओरडला नाही.

एप्रिलमध्ये गावाहून पत्र आलं, काकूंच्या अक्षरात. माझ्या बायकोसाठी वर 'चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद' असं होतं आणि मुलीसाठी खाली वेगळा पापा. मधला मजकूर माझ्यासाठी होता. तो 'माननीय साहेब यांस नमस्कार' असा सुरू झाला होता. प्रवास ठीक झाला. विहिरीला पाणी आहे. ते म्हणतात की दिव्याचा बल्ब हादऱ्यानं लवकर जातो, तर एक जादा ठेवावा. आणि डायलवरच्या खुणांनी मशीनला काही होत नाही, तरी त्या घासून काढू नयेत.

त्याच महिन्यात मशीनची वार्षिक पाहणी होती. तक्त्यावर एकेक भाग छापलेला असतो आणि पुढे स्थिती लिहायची: घसारा, इजा, बदलण्यास योग्य. डायलला इजा असेल तर ते बदलायचा नियम आहे. नवा माणूस पलीकडे पाणी पीत होता. मी दिवा लावला, डायल एकदा पुरं फिरवलं, दहाही खाचा नखाला लागल्या. मग पेन काढलं आणि डायलपुढच्या रकान्यात लिहिलं, ठीक. मी आणखी आठ वर्षं त्या कारखान्यात होतो आणि दर एप्रिलमध्ये तिथं तेच लिहीत आलो.